सगळ्यांचे एकच झाड

तीर्थरूप आईस, दुरूनच पण वाकून नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे, जेवणाची आबाळ नाही. तुझ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख दादाने पक्की केली का?

येथे मी पर्यायी शाळांच्या भावी शिक्षकांना चित्रांतून शिकवण्याचे प्रशिक्षण देते. परवा फळ्यावर रंगीत खडूंनी झाड काढले, पुसले आणि म्हटले, "आता आपापले झाड काढा." सर्वांनी माझेच झाड काढले, माझा हात हलून वाकडी झालेली फांदीसुद्धा! एक बाई म्हणाल्या, "चुकायला नको मॅडम, म्हणून पाठच केलं!" मी कपाळाला हात लावला.

संचालक मात्र भिंतभर चित्रे पाहून खूश. "वा, काय एकसारखं काम! या तुकडीला आणखी वर्षभर तुम्हीच शिकवा." गाढवापुढे वाचली गीता, आणि वर गाढवाचीच शाबासकी.

मी होकार दिला. ही माणसे अशीच वर्गात गेली, तर मुलांच्या कागदावरही माझेच झाड उगवेल. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी मी तुझ्याजवळ नसेन.

पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा काय दिसले, ते दादाला लिहायला सांग. त्याच्या शब्दांत नको, तुझ्याच.

तुझ्याच वळणावर गेलेली,
तुझी लेक