जमिनीवर ठेवलेली कॉफी

मुअतसिम,

काल फोनवर तू म्हणालास, "रुदैनाला शाळेतल्या त्या कंपनीतून काढ, नाहीतर तिची शाळाच बंद." तो निरोप मी तिला दिलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

कुवेतला बसून तुला हा पोरखेळ वाटतो. त्या कंपनीत शाळेतल्या गरीब घरच्या मुली ऑलिव्हच्या तेलाचा साबण करून विकतात. त्यांची प्रमुख तुझी मुलगी आहे. पाहुणे आले की पडद्यामागे लपायची, तीच.

परवा तेलघाण्याच्या अबू दिरारने साबणाला लागणारं तळाचं, गाळाचं तेल द्यायला नकार दिला. ती मला घेऊन त्याच्या बैठकीत गेली. कॉफी आली, तशी तिने कप जमिनीवर ठेवला. मागणं मान्य होईपर्यंत पाहुण्याने प्यायचं नाही, हा आपल्या पुरुषांचा रिवाज. मी आजवर कधी तसं धाडस केलं नाही.

"पी गं पोरी, गार होईल," तो हसला. "ही पुरुषांची कामं."

"पाहुण्याची कॉफी तशीच गार झाली तर गावात नाचक्की तुमची होईल, काका."

"जीभ बापाची घेतलीस!"

"बाबांची जीभ कुवेतला आहे. ही माझी."

त्याने कप तिच्याकडे सरकवला. मग म्हणाला, "पी आता. तेल घेऊन जा."

कप उचलतानाही तिने मान खाली घातली नाही.

साबण सुकवायला त्यांना जागा हवी आहे. तू आड येऊ नयेस म्हणून तिची शाळा पूर्ण होईपर्यंत हे पत्र माझ्या कपाटात राहील.

तुझी थोरली बहीण,
नजाह

आज रुदैनाच्या स्वाधीन केली: तुझ्या बंद दुकानाची किल्ली.