माझ्या भावनांचा आदर मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख, इंजि. दुशान क्रेयचीर,
गृहव्यवस्था विभाग, नगरपालिका कार्यालय,
होर्नी लिपोव्हेत्स.

अर्जदार: श्रीमती एव्हान्थिया हाल्फारोवा, वय ८१, जवसाच्या गिरणीतील निवृत्त सूतकातणी कामगार, राहणार प्रादेल्ना गल्ली, दुसरा मजला.

विषय: ईस्टरच्या सोमवारी छडीची प्रथा बंद करणारी सूचना काढून टाकणे, निदान तिच्यातून माझ्या भावना वगळणे.

संदर्भ: १) आमच्या इमारतीच्या दाराशी आपल्या विभागाने लावलेली सूचना. २) आपल्या कार्यालयात खिडकी क्रमांक चारवर मला मिळालेले तोंडी उत्तर.

महोदय,

१. वरील सूचनेत असे म्हटले आहे की, "इमारतीतील परदेशी रहिवाशांच्या भावनांचा आदर राखून" येत्या ईस्टरच्या सोमवारी कोणीही वाळुंजीच्या छड्या घेऊन जिन्यात व मजल्यांवर फिरू नये, बायकांना मारू नये, पाणी उडवू नये, दारात दारू देऊ-घेऊ नये. वाचल्यावर मी बराच वेळ पिशवी हातात धरून तिथेच उभी राहिले आणि आपल्या इमारतीत हे परदेशी रहिवासी कोण आले असावेत, याचा विचार करू लागले. चार मजले मनातल्या मनात चढून उतरले, तेव्हा लक्षात आले की ती मीच. माझ्या ओळखपत्रावर तसे छापलेले आहे. मी सहा वर्षांची असताना ग्रीसमधल्या यादवीतून आम्हा मुलांना आगगाडीत घालून इकडे आणले, तेव्हापासून मी इथेच आहे. नागरिकत्वाचे कागद करायचे राहून गेले. आधी नवरा म्हणे पुढच्या वर्षी करू, मग गिरणी बंद पडली, मग नवराच गेला. माझ्याशिवाय या इमारतीत दुसरा परदेशी नाही. तरी सूचनेतले अनेकवचन कोणासाठी, ते कळवावे.

२. मला या सूचनेची किळस आली आहे. हा शब्द मी रागाच्या भरात लिहिलेला नाही. घरी जाऊन, चहा घेऊन, दुसरा शब्द शोधून पाहिला, मिळाला नाही.

३. सूचनेचे खरे कारण आपणांस ठाऊक नसेल, म्हणून कळवते. गेल्या ईस्टरला तळमजल्यावरच्या श्रीमती शूलोवा यांचे जावई आपल्या मित्रांसह सकाळपासून दारोदार पीत फिरले आणि दुपारी लिफ्टमध्ये ओकले. चारी भिंतींवर. नंतर बटण दाबून लिफ्ट वर पाठवून दिली. ती माझ्या मजल्यावर येऊन उघडली. सुटीच्या दिवशी सफाईवाला येत नाही, आणि चौथ्या मजल्यावरच्या बाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून ती लिफ्ट मी धुतली. आलुबुखाऱ्याची दारू, बटाट्याचे सॅलड आणि हिरवा रंग लावलेली अंडी एकत्र आल्यावर काय होते ते मी सविस्तर लिहू शकते, पण आपणही जेवणखाण करत असाल. श्रीमती शूलोवा इमारतीच्या समितीच्या अध्यक्ष आहेत, आणि सूचनेचा मजकूर आपल्याकडे त्यांनीच पाठवला. स्वतःच्या जावयाला "तू पिऊ नकोस" म्हणण्यापेक्षा अख्ख्या इमारतीला "ग्रीक म्हातारीला आवडत नाही" असे सांगणे त्यांना सोपे गेले. जिन्यात मी त्यांना विचारले, तर म्हणाल्या, "अहो हाल्फारबाई, तुमचं नाव कुठे घातलंय? आम्ही आपलं मोघम लिहिलं." ओकणारा एक, धुणारी दुसरी, आणि भावना दुखावल्या त्याही धुणारीच्याच.

४. त्यावर मी आपल्या कार्यालयात आले. खिडकी क्रमांक चारवर एक मुलगी बसते. नखे सुंदर रंगवलेली होती, त्याबद्दल तक्रार नाही. तिने माझे ओळखपत्र पाहिले आणि एकदम मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून बोलू लागली. "आजी! आता! कोणी! मारणार नाही! घाबरू! नका!" मी म्हटले, "बाळ, मी बहिरी नाही. आणि घाबरलेलीही नाही." ती मागे वळून मैत्रिणीला म्हणाली, "अय्या, किती छान बोलते गं ही!" माझ्या बोलण्याचे कौतुक झाले, ते कशाबद्दल होते ते राहून गेले. वर तिने मला एक रंगीत पुस्तिका भेट दिली. नव्याने आलेल्या परदेशी लोकांसाठी आहे. कोणाच्या घरी गेल्यास दारात बूट काढावेत, असे तीत चित्रासह समजावले आहे. या गावच्या निम्म्या लोकांना लहानपणी दारात बूट काढायला मी ओरडून शिकवले आहे, कारण गिरणीच्या पाळणाघरात दोन वर्षे माझी नेमणूक होती. त्यांतले काही आज आपल्याच कार्यालयात बसतात. पुस्तिका सोबत परत करीत आहे.

५. आता प्रथेविषयी. कोणाचा गैरसमज नको. ही प्रथा मला कधीही आवडलेली नाही. बायकांच्या पायांवर छड्या मारायच्या, का तर त्या वर्षभर वाळू नयेत, टवटवीत राहाव्यात, आणि मारून झाल्यावर त्यांनीच अंडे द्यायचे, दारू पाजायची, वर आभार मानायचे! यात शहाणपण कोणते, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. पण न आवडण्याचे हे काम मी पहिल्या ईस्टरपासून स्वतः करीत आले आहे. त्यासाठी मला विभागाची मदत लागलेली नाही.

६. तो पहिला ईस्टर १९४९ सालचा. आम्ही ग्रीक मुली डोंगरापलीकडच्या बालगृहात होतो. कोणालाही इथली भाषा येत नव्हती. सोमवारी सकाळी गावातली मुले छड्या घेऊन ओरडत आमच्या खोलीत शिरली. आमच्यातल्या मोठ्या मुलींनी छड्या घेऊन घरात शिरणारे लोक आधी पाहिलेले होते. त्यांनी धाकट्यांना खाटांखाली ढकलले आणि केरसुण्या उचलल्या. मी खाटेखाली गेले नाही. माझ्या हाती चुलीतला विस्तव ढकलायचा आकडा लागला आणि पुढे आलेल्या मुलाच्या कपाळावर तो मी हाणला. रक्त आले. तो मुलगा स्वयंपाकीणबाईंचा निघाला.

स्वयंपाकीणबाई धावत आल्या. मुलाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि त्यांना सगळे समजले. त्यांनी मुलाला जवळ घेतले नाही की मला रागावल्या नाहीत. त्याच्या हातातली छडी, म्हणजे वाळुंजीच्या काड्यांची वेणी, काढून घेतली, स्वतःच्या पोटऱ्यांवर दोनदा मारून घेतली आणि मोठ्याने हसून दाखवले. मग ती वेणी माझ्या हातात दिली आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. त्या चांगल्या भरदार होत्या. मी मारले. अंगात होते नव्हते ते सगळे बळ लावून मारले. "आई गं! कार्टीच्या हातात काय जोर आहे!" असे काहीतरी त्या म्हणाल्या असाव्यात, कारण गावातली मुले पोट धरून हसू लागली. मग खाटांखालून एकेक मुलगी बाहेर आली आणि रांग लावून प्रत्येकीने त्यांना मारले. शेवटची मुलगी मारायची सोडून त्यांच्या कमरेला मिठी मारून रडली. त्यानंतर आम्हाला अंडी मिळाली. मी लाल मागितले, खुणेने, कारण आमच्या गावात ईस्टरची अंडी लालच असत. त्यांनी ते त्याच दुपारी कांद्याच्या सालींत उकळून दिले.

कपाळ फुटलेल्या मुलाचे नाव बोहुमीर हाल्फार. पुढे मी त्यांच्याशी लग्न केले. भुवईवरचा वण शेवटपर्यंत होता. डॉक्टरांनी विचारले की सांगत, "युद्धातला आहे."

७. गिरणीत असताना यंत्रांवरचे पुरुष आम्हाला बादल्यांनी भिजवत. ओल्या कपड्यांनी कामाची पाळी पुरी करावी लागे. त्याचाही मला तिटकारा होता. आमचा एक मुकादम होता, नाव लिहीत नाही, त्याची नातवंडे गावात आहेत. त्याने एका वर्षी प्रथेच्या नावाखाली एका नव्या मुलीला कोपऱ्यात गाठून असे मारले की तिला बसता येईना. तिने कुठेही अर्ज केला नाही. मंगळवारी सकाळी कातणी खात्यातल्या आम्ही सगळ्या बायका त्याला हातापायांना धरून अंगणात घेऊन गेलो आणि धागा सुटावा म्हणून जवसाचे पेंढे कुजत घालायच्या कुंडात टाकला. त्या कुंडाचा वास ज्याने घेतलेला नाही त्याला लिहून सांगता येत नाही. उन्हाळा लागेपर्यंत त्याच्या बायकोने त्याला गोठ्यात झोपवला. त्यानंतर गिरणीत कोणी जोरात मारले नाही. सांगायचे इतकेच की, ज्या बाईला नको आहे तिच्या दाराला कडी असते, आणि ज्या पुरुषाला तेवढ्याने कळत नाही त्याच्यासाठी कुंड असते. भावनांचा आदर या दोन्हींत कुठे बसवायचा ते मला समजलेले नाही.

८. आता मुख्य तक्रार. तिसऱ्या मजल्यावर श्री. ओताकार व्हाझान राहतात. निवृत्त बसचालक आहेत, पत्नी वारल्या. पूर्वी ते आणि माझे पती मिळून ईस्टरला घरोघर जात. माझे पती गेल्यावर श्री. व्हाझान एकटे येऊ लागले. ओढ्याकाठची वाळुंज स्वतः कापून आणतात, आठ काड्यांची वेणी विणतात. हल्ली दुकानात प्लास्टिकची फीत लावलेल्या तयार छड्या मिळतात, तसली ते हातातही धरत नाहीत. सकाळी घंटा वाजवतात, टोपी काढतात, आणि माझ्या सपातांच्या टाचांना वेणी लावतात. मारणे त्याला म्हणता येणार नाही. छडी मारताना लहान मुले म्हणतात ते गाणे म्हणतात, तेही निम्मेच, कारण पुढचे विसरलेले असतात. मी दरवर्षी म्हणते, "पुरे करा ओता, शोभत नाही या वयात." ते दरवर्षी म्हणतात, "मी नाही आलो तर वाळून जाल तुम्ही." मग लाल अंडे, एक लहान पेला, बोहुमीरच्या दोन गोष्टी, आणि ते जातात. वर्षात माझ्या दाराची घंटा माणसाने वाजवण्याचे हेच प्रसंग उरले आहेत: हा एक, आणि गॅसचा मीटर बघणारा.

सूचना लागल्यापासून श्री. व्हाझान मला टाळतात. मी जिन्यात दिसले की वर निघून जातात. मागच्या आठवड्यात कचऱ्याच्या डब्यांपाशी मी त्यांना अडवले. त्यांनी टोपी काढली आणि जमिनीकडे पाहत म्हणाले, "हाल्फारबाई, इतकी वर्षं तुम्हाला आमचा त्रास झाला. एकदा तोंडावर सांगायचं होतंत. मी माफी मागतो. बोहुमीरच्या वतीनंही मागतो. त्याला कळलं असतं तर तोही थांबला असता." मी काही बोलायच्या आत ते गेले. माझ्या हातात बटाट्याच्या सालींची बादली तशीच राहिली.

९. महोदय, लिफ्टमधली घाण मी धुतली, तेव्हा मला ओकारी आली होती. पण ती घाण निघाली. माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या वतीने माझ्याच सोबत्याला माझी माफी मागायला लावणारी ही घाण मी कशाने धुवू? या देशात माझ्यावर माणसे हसली, ओरडली, एकदा रेशनच्या रांगेत कोणी "जा तुमच्या देशात" म्हणाले, तर रांगेतल्याच दुसरीने त्याच्या डोक्यात फुलकोबी घातली. या सगळ्यात मी कधी परकी झाले नाही. आपल्या विभागाच्या एका सभ्य वाक्याने मला इतक्या उशिरा पाहुणी करून ठेवले. ज्या पाहुणीपुढे लोक जपून बोलतात, आणि जिच्या घरी कोणी जात नाही.

१०. सबब विनंती की,

सदर सूचना ईस्टरच्या सोमवारपूर्वी काढावी.

काढणे शक्य नसल्यास ती आपल्या विभागाच्या किंवा श्रीमती शूलोवा यांच्या भावनांचा आदर राखून पुन्हा छापावी. लिफ्टमध्ये ओकू नये, एवढेच लिहिले तरी चालेल. त्याखाली मी सही करीन.

यांपैकी काहीच न झाल्यास मी सूचनेवर स्वतःच्या हाताने लिहीन की, "सदर परदेशी रहिवासी घरी आहे आणि तिने अंडी रंगवली आहेत." याबद्दल जो दंड असेल तो सांगावा.

११. शेवटी, अर्जाच्या निकालाच्या मुदतीबद्दल. आपल्याकडे निकालाला महिना लागतो, असे खिडकी क्रमांक चारवर सांगण्यात आले. परंतु इकडच्या गावांत सोमवार पुरुषांचा असला, तरी मंगळवार बायकांचा असतो, आणि त्या दिवशी छडी आमच्या हातात येते, हे आपणांस आपल्या आजींनी सांगितले असेलच. वाळुंज कुठे मिळते ते मला माहीत आहे. मंगळवारी आपले कार्यालय आठ वाजता उघडते, हेही मी दारावर वाचून ठेवले आहे. हात पूर्वीइतका जोरकस राहिलेला नाही, तरी आपण रांगेत आपला क्रमांक घ्यावा.

कळावे.

आपली, अजून वाळून न गेलेली,

(सही)
एव्हान्थिया हाल्फारोवा

होर्नी लिपोव्हेत्स, दि. १८ मार्च २०२४

सोबत:
१) परदेशी लोकांसाठीची रंगीत पुस्तिका (परत).
२) अंडे, एक, लाल, कांद्याच्या सालींत उकडलेले. टपालाने न पाठवता खिडकीवर हाती देत आहे. लवकर खावे.

प्रत माहितीसाठी: श्री. ओताकार व्हाझान, तिसरा मजला. दाराखालून सरकवली आहे. बोहुमीरच्या वतीने मागितलेली माफी परत घ्यावी. स्वतः बोहुमीरनी ती मागितली नसती. ओढ्याकाठची वाळुंज फुटली आहे, मी कालच पाहून आले. सोमवारी कडी काढलेली असेल, तरीपण घंटा वाजवावी.