टेबलाशी एक जास्तीची खुर्ची

गुरुवार, ऑक्टोबर २००५, बेलव्ह्यू, अमेरिका

युनिव्हर्सिटीतल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकन वंशाच्या, विद्यार्थ्यांच्या केंद्रात सल्लागार म्हणून आज माझी पहिलीच मीटिंग. रिकाम्या खुर्चीवर लॅपटॉपची बॅग ठेवली, मूर्खासारखी. अध्यक्ष एलेनांनी ती हळूच उचलून खाली ठेवली. म्हणाल्या, "ही आईची जागा." दर मीटिंगला एका विद्यार्थ्याची आई येते, आणि पहिला सल्ला तिचा! आज मारियाची आई आली, सफरचंदाच्या बागेतून, चिखलाच्या बुटांनिशी. डीनसकट सगळे उभे राहिले. ती स्पॅनिशमध्ये बोलली, मारियाने इंग्रजीत सांगितलं: "लीडरशिपचं शिबिर शनिवारी नको. शनिवारी पोरं आमच्याबरोबर बागेत राबतात." वार तिथल्या तिथे बदलला! माझ्या स्लाइड्स बॅगेतच राहिल्या.

ती खुर्ची डोळ्यांसमोरून हलत नाही. माझी आई मला पहिल्या दिवशी सोडायला कॉलेजच्या फाटकापर्यंत आली होती. तिथूनच परत पाठवलं मी तिला.