पितृपक्षातला गणपती

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

राजेशभावोजींना पद्मजाचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? सूनबाईला सांगा, मोदक सुरेख झाले होते. माझा ताप उतरला. खरं सांगायचं तर तापच नव्हता. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे लिहून तुमच्या दारात टाकून जातेय.

शनिवारी मंडळाची सगळी माणसं धक्क्यावर मूर्तीची वाट पाहत उभी होती आणि मी आजारी म्हणून दार लावून बसले. गणपती अजून माझ्या हॉलमध्येच आहे. पितृपक्ष लागला, तरी. दोष लागायचा तो मला लागेल.

दरवर्षी आपला गणपती समुद्रात नेणाऱ्या तामची बोट तुम्ही यंदा कॅन्सल केलीत, त्याच्या रागापोटी मी हे केलं नाही. म्हणजे राग आला होताच. पण आदल्या संध्याकाळी ताम स्वतः आला आणि लहान मुलांची लाइफ जॅकेट्स ठेवून गेला. भाड्याच्या बोटीत छोट्या मापाची नसतात, म्हणाला. त्यानंतर माझ्याच्यानं मूर्ती उचलवेना.

येत्या शुक्रवारी त्याला ह्यूस्टनच्या इमिग्रेशन ऑफिसात बोलावलंय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पाच वर्षांचा असताना इथल्या, अमेरिकेच्या सरकारनंच त्याला व्हिएतनामहून आलेला निर्वासित म्हणून इथे वसवलं. विशीत मारामारी केली, शिक्षा भोगली, परत पाठवायचा हुकूम निघाला. तो देश असे जुने निर्वासित परत घेत नव्हता, म्हणून इतकी वर्षं नुसती हजेरी लावायची. आता धोरण बदललंय. हजेरीला गेलेल्या काहींना तिथूनच परस्पर धरून नेलंय. आणि तिकडे व्हिएतनाममध्ये त्याचं कुणीही नाही.

आपल्या गावातल्या डोरोथीच्या नवऱ्यानं हे लोक नवे आले तेव्हा या व्हिएतनामी मच्छीमारांच्या कोळंबीला बर्फ विकायलाही नकार दिला होता. आता ऐंशीची डोरोथी शुक्रवारी चर्चची व्हॅन भरून तामसोबत जाणार आहे. आपल्यातलं कोण? तुम्ही मला म्हणालात, "वहिनी, मंडळाला या मॅटरमध्ये ओढू नका. त्यातल्या तरुण मुलांची ग्रीन कार्ड्स पेंडिंग आहेत." मुलांचं मला पटतं. त्यांना मी बोलवतही नाही. पण तुम्ही आणि मी तीस वर्षांचे सिटिझन, भावोजी. आपण कशाला घाबरायचं?

ह्यांच्या अस्थी आपण तामच्याच बोटीतून नेल्या. माझ्या हातून कलश सुटेना, तेव्हा त्यानं इंजिन बंद केलं आणि टोपी काढून उभा राहिला. सावकाश होऊ द्या, एवढंच म्हणाला. तुम्ही शेजारीच होतात. हे मी कधी बोलत नाही, कारण रडू येतं. आत्ताही येतंय.

शुक्रवारी मी गाडी घेऊन निघणार आहे, शेजारची सीट रिकामी आहे. तो परत आला तर त्याच संध्याकाळी त्याच्या बोटीतून विसर्जन करू, सगळ्यांना बोलावू. आणि नाहीच आला, तर बाप्पाला 'पुढच्या वर्षी लवकर या' असं कोणत्या तोंडानं म्हणायचं, ते तुम्हीच मला सांगा.

अजूनही तुम्हाला घरचंच माणूस समजणारी,
पद्मजा