अर्ध्यावर थांबवलेल्या मेल

राजारामपुरी, कोल्हापूर
२२ नोव्हेंबर २०२५

चि. स्नेहल,

आशीर्वाद. अमरसिंहांना नमस्कार सांग. त्यांची शुगर आटोक्यात असेल, सातारची हवा तुम्हा नवराबायकोला मानवली असेल, असं धरून चालते. कारण विचारायची सोय आपण बहिणींनी ठेवलेली नाही. इकडे कारखाने सुरू झालेत, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते अडलेत. माझा गुडघा कुरकुरतो, पण जिना चढतो. खरं तर फोनच करणार होते. घसा बसलाय, म्हणून कागद.

कामाचं लिहिते. आपल्या 'जागल' व्याख्यानमालेची वेबसाइट आणि मेल ज्या कंपनीकडे होत्या, तिनं धंदा गुंडाळायचं ठरवलं आहे. महिनाअखेर सगळं बंद. बिंदू चौकाजवळ कॉम्प्युटरचं दुकान आहे तो विश्वजित, तू ज्याला खटपट्या म्हणायचीस, त्यानं दुसरी कंपनी शोधली. मला वाटलं, आपला पत्ता तोच राहणार, म्हणजे मेलही आपोआप नव्या जागी येतील. तो हसायलाच लागला.

"न्हाय ओ अक्का. आता येणारी मेल नव्या जागी येणार. साठवलेल्या जुन्या तिकडंच बसून ऱ्हात्यात. त्या उचलून आणाय लागत्यात. न्हाईतर महिनाअखेरीला सगळं साफ."

मग त्यानं कॉम्प्युटरवर डावीकडे जुनी पेटी उघडली, उजवीकडे नवी, आणि एकेक फोल्डर इकडून तिकडं ओढायला लागला. आधी माझी पेटी घेतली. मी चहा टाकायला आत गेले, कप घेऊन बाहेर येते तर म्हणतो, "तुमचं झालं बी."

"झालं? अरे, अर्ध्या महाराष्ट्रात बोलून आलेय मी. नीट बघ."

"बघितलं की. आमंत्रणं, रेल्वेची तिकिटं अन् बँकेचं मेसेज. काय ऱ्हायलं न्हाय."

मग तुझी पेटी घेतली. तू काम सोडून सातारला जाताना पासवर्ड चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवला होतास, तो अजून चालतो. चहा संपला, जेवणं झाली, तरी किती मेल आल्या ते दाखवणारी हिरवी पट्टी हलायला तयार नाही. "काय साठवून ठेवलंय ओ स्नेहलताईनी? कारखान्याच्या दारात ट्रॉल्यांची लाईन लागल्यागत झालंय," असं म्हणून तो खोखो हसला. मला हसू आलं नाही.

प्रत्येक भाषणाच्या शेवटी मी काय सांगायचे, ते तुला पाठ असेल. टाळ्या वाजवून घरी जाऊ नका! प्रश्न विचारा, भांडा, लिहा! आणि पत्ता तुझा द्यायचे, कारण कॉम्प्युटरला हात लावायचा नाही हा माझा बाणा. मग सांग, त्या मेल कुणाच्या? पत्ता तुझा असेल, पण माणसं पेटली ती माझ्या शब्दांनी. हे मी भांडायला लिहीत नाही. बरं, भांडायलाच लिहितेय.

फोल्डरांना तू गावांची नावं दिली आहेस. हुपरी, हातकणंगले, बिद्री. यातलं एकही गाव असं नाही जिथं माझी सभा गाजली नाही. मी एकही मेल उघडली नाही. वरच्या ओळी आपोआप दिसतात, त्याला मी काय करू? जुन्या मेलवर 'आदरणीय अवंतिकाताई' असं आहे. पुढे आपल्या दोघींची नावं. मग नुसतं 'स्नेहलताई'. अलीकडच्या मेलवर तर फक्त 'ताई', आणि ती ताई मी नव्हे.

बिद्रीचा फोल्डर आला तेव्हा मी विश्वजितला म्हटलं, "थांबव."

"निम्मं बी झालं न्हाय, अक्का."

"आलंय तेवढं बास. बाकीचं जपून कुणाला दाखवायचंय?"

"बाकीचं जाईल की कायमचं."

"जाऊ दे."

"सभेत गरजता तवा तुमची एवढी भीती वाटत न्हाय," असं म्हणाला आणि बॅग उचलून निघून गेला.

*

काल इथं पेन खाली ठेवलं होतं. आज पुढं लिहिते.

घसा ठणठणीत आहे. सकाळीच दारात आडवी ट्रॉली लावणाऱ्याशी भांडले, अर्धी गल्ली गोळा झाली. तुझा आवाज ऐकायचा नव्हता, एवढंच.

आणि विश्वजित गेल्यावर जुन्या पेटीतली एक मेल उघडली. माउस हलवायला काही अक्कल लागत नाही, हे मला या वयात कळलं.

बिद्रीच्या पुढची ती वाडी आठवते? संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि मला व्याख्यानाला बोलावलं होतं. मंडपाच्या कडेला, चपला काढल्या होत्या तिथं, काही विधवा उभ्या होत्या. मी माईक हातात घेतला. या बायकांच्या कपाळाला कुंकू लागत नाही तोवर या मंडपात माझा शब्द उमटणार नाही, असं ठणकावलं, माईक ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. वर्तमानपत्रात फोटोसकट आलं. मी आजही म्हणते, ते बरोबर होतं. त्यातलं एक अक्षर मागे घेणार नाही.

मेल शालूबाईंची होती, त्या उभ्या असलेल्यांपैकी एकीची. सुनेकडून लिहून घेतलेली. "मोठ्या ताई गेल्या. कार्यक्रम मोडला. हिच्यामुळं मोडला म्हणून बायका मलाच बोलत्यात. आता कडेला बी उभं राहू देत न्हाईत. मी काय करू?"

आणि तुझं उत्तर: "शनिवारी येते. भाकरी तुमच्याकडेच खाईन."

गेलीस! आणि जातच राहिलीस. त्याखाली वर्षांमागून वर्षांच्या मेल आहेत. कुणाची सासू बधली, कुणी रुसून बसली, कुणाच्या नवऱ्यानं आरडाओरडा केला आणि मग गप्प झाला. मला यातलं काही सांगितलं नाहीस. किंवा सांगितलं असशील, आणि मी पुढच्या भाषणाची टिपणं काढत असेन.

मला राग कशाचा आला सांगू? तू गेलीस याचा नाही. तुला त्या घरात भाकरी मिळाली, याचा. मला आजवर सगळीकडे शाल आणि नारळच मिळाला.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. नव्या सर्व्हरवर तुझ्या पेटीत पहिलीच मेल आली ती त्याच वाडीची. तुला ती ठाऊक नाही, कारण तू ही पेटी उघडणं सोडलंस. ती अशी आहे: "यंदाच्या संक्रांतीला हळदीकुंकू सगळ्या बायकांचं. पहिलं वाण शालूबाईंच्या हातून द्यायचं ठरलंय. बोलायला तुम्ही या, कुठली तारीख जमेल तेवढं कळवा. मोठ्या ताईंना नको, उगाच त्यांना त्रास."

उगाच त्रास! मागणी माझी, गर्जना माझी, आणि ती पुरी झाली त्या दिवशी बोलायला कोण, तर जिनं आयुष्यात माईक धरला नाही ती. ही मेल मी विश्वजित असतानाच, नुसत्या वरच्या ओळींत वाचली होती, स्नेहल. म्हणून बिद्री येताच 'थांबव' म्हटलं. तुझं सगळं पुसलं गेलं असतं आणि तुला कळलंही नसतं. ते आमंत्रणही पुसणार होते.

पुसलं नाही. मनात भलतंच आलं. आज विश्वजितला हातापाया पडून परत बोलावलं, राहिलेल्या मेल सुरू करायला लावल्या, आणि तोवर मीच वाडीला उत्तर द्यायला बसले. स्नेहलला जमणार नाही, मी येते, असं लिहायचं होतं. लिहिता लिहिता स्त्रीमुक्तीचा अख्खा इतिहास त्यात आला. विश्वजित खांद्यावरून वाचत होता.

"अक्का, ह्ये उत्तर हाय का सभा?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला न्हाय कळत. पर त्यांनी वाण कुठल्या तारखेला, एवढंच कळवाय सांगितलंय न्हवं?"

खोडून टाकलं. पुन्हा लिहायला बसले. शनिवारी येते, भाकरी तुमच्याकडेच खाईन, असं वाक्य मला लिहिताच येत नाही. ही गोष्ट वाचून शिकण्यातली नाही, नाहीतर मी केव्हाच शिकले असते.

हे लिहितेय तेव्हा तुझ्या मेल येतायत. शेवटची पोचल्याशिवाय जुनी पेटी बंद करायची नाही, असं विश्वजितकडून कबूल करून घेतलंय. तू त्याला फोन कर आणि नवा पासवर्ड तूच ठरव. मला सांगू नकोस. कळला तर मी रोज उघडून बघेन, तुझ्या नावानं आलेली प्रत्येक ओळ मोजेन आणि रोज जळेन. मी मला ओळखते.

वाडीला हो म्हण. आमंत्रणाची मेल तुझ्याच पेटीत आहे, उत्तर तुझ्या शब्दांत जाऊ दे.

मी येणार आहे. मला बोलावलेलं नाही, तरी येणार. कुणी ओळखलंच तर स्नेहलची थोरली बहीण म्हणून सांगेन. हे वाक्य मी आरशासमोर म्हणून बघितलं, जीभ अडखळते, पण संक्रांतीपर्यंत वेळ आहे. तू चुकीचं बोललीस तर भर मंडपात उठून टोकेन. बरोबर बोललीस तर गप्प बसून ऐकेन. टाळीचं अजून ठरलेलं नाही.

तुझ्यावर जळणारी आणि तरीही तुझीच,
अक्का