सायकलचं काढलेलं कॅरिअर

रविवार, संध्याकाळ

काल सकाळपासून आज दुपारपर्यंत टेकडीचा एकच रस्ता सायकलनं चढत-उतरत राह्यलो. सगळे चढ मिळून एव्हरेस्टएवढे झाले. या वयात! हार घातला लोकांनी, तो टोचला.

वजन नको म्हणून कॅरिअर काढलं होतं. टेकडीवरच्या शेजारीण रेशमाबाईंची जळणाची मोळी रोज त्या कॅरिअरवरच वर येते. आज मोळी डोक्यावर घेऊन त्या चढत होत्या आणि मी तीनदा बाजूनं गेलो. थांबलो नाही.

तिसऱ्यांदा हसून म्हणाल्या, "काढाचं होतं तं सांगाचं ना भाऊ. आधीच दोन मोळ्या आणून ठेवल्या असत्या."

सांगितलं काऊन नाही? त्यांची आठवणच झाली नाही, हे खरं.

कॅरिअर आत्ता परत लावलं, घट्ट पिळलं. उद्या त्यांच्या दारापुढं घंटी कोणत्या तोंडानं वाजवू?