त्यांच्या पश्चात

शहागंज, छ. संभाजीनगर
२ जानेवारी २०२५

ति. सुकेशनीताईस,
मंजुषाचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमननं जिन्याखालूनच हाक मारली. मोबाइल असताना या दोघी कागद खरडतात, म्हणून तो हसतो. त्याला काय माहीत, फोनवर आपलं नुसतं रडणंच होतं.

जनसंपर्काचा धंदा बरा चाललाय. दाताच्या डॉक्टरीणबाई आहेत, बियाणंवाले आहेत, अन् क्लासवाले कारभारी सर आहेत. पहिल्या आलेल्या पोरीपेक्षा जाहिरातीत आपला फोटो मोठा पाहिजे म्हणून सर आठवडाभर रुसले होते. पोरीला जरा खाली सरकवलं तेव्हा कुठं हसले. बाई गं, मेंढरं वळणं परवडलं! पण मी कुणाच्या हाताखाली शिकले? तुझ्याच आबांच्या, माझ्या मामांच्या. मामा म्हणायचे, घोंगडं विकलं म्हणजे संपलं नाय, थंडीत गिऱ्हाइकाच्या दारावरून जाऊन विचारायचं, ऊब लागती का. मी तेच करते. कुणाचं बारसं असो की दहावा, मंजी हजर. घोंगड्यांच्या दुकानावरची ही ऑफिसची खोलीही त्यांनीच दिलेली, पहिलं कामही त्यांच्याच दुकानाचं.

आता खरं लिहिते. मामा दवाखान्यात आहेत, छातीत पाणी झालंय. काल भारतदादानं बोलावून सांगितलं, आबांची निधनवार्ता तयार ठेव. मोठ्या माणसांची अशी वार्ता आधीच लिहून ठेवायची आमच्या धंद्यात रीतच आहे, पण मामांची लिहिताना हात चालेना. शेवटची ओळ दादानं सांगितली : त्यांच्या पश्चात पत्नी सखूबाई, मुलगा भारत, सून, नातू असा परिवार आहे. मी तुझं नाव विचारलं. तो म्हणाला, तिनं जातीबाहेर लग्न केलं त्या दिवशीच आबा बोलले होते, मला एकच लेकरू. दुकान आता दादा बघतो, म्हणजे गिऱ्हाईक तोच. मी मुकाट्यानं लिहिलं. पण तुला सांगितल्याबिगर राहवेना. येतेस का गं एकदा?

दाजींना नमस्कार, सृष्टीला पापा. लोभ आहेच, तो कमी करू नकोस.
तुझी मंजुषा


चंद्रपूर
८ जानेवारी

चि. मंजुषास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दिवसभर शाळेत फळ्यावर काय लिहिलं, मला आठवत नाही. तुझ्यावर राग नाही. तुझं पोट त्यावर आहे, अन् आबा तसं बोलले होते हेही खोटं नाही. माझ्या देखतच बोलले होते.

येणार नाही मी, मंजे. न बोलावता गेले अन् खाटेवरून त्यांनी तोंड फिरवलं, तर मी तिथंच मरून जाईन. ते असेपर्यंत, एक ना एक दिवस बोलावतील, असं तरी म्हणता येतं.

त्यांच्या कोपरीच्या खिशात लवंगा असतात का बघ. दवाखान्यात कुणी देत नसेल. लहानपणी खोकला आला की मला घोंगड्यात गुंडाळून खांद्यावर टाकायचे अन् अर्धी लवंग द्यायचे, अर्धी स्वतः खायचे. अजून लवंगेचा वास आला की मला ऊब लागते. ते जेवतात का, एवढं कळव. कारभारी सरांना माझ्याकडून सांग, फोटो अजून मोठा करा, डोक्याला जागा कमी पडतेय.

आठवण ठेवतेस, तशीच ठेव.
तुझी ताई


शहागंज
१७ जानेवारी

ति. ताईस,
मंजुषाचा सा. न. वि. वि.

आधी चांगलं सांगते. मामा घरी आले, पडेगावच्या ओसरीत बसतात, भाकरी कुस्करून खातात. लवंगा मी नेऊन दिल्या. कुणी सांगितलं ते सांगितलं नाय, पण त्यांनी माझ्याकडं लई वेळ बघितलं.

आता माझा पराक्रम ऐक. संक्रांतीला दुकानातर्फे तिळगुळाच्या शुभेच्छा पेपरांना पाठवायच्या होत्या. दोन्ही फायलींना नाव मामांचंच. मी घाईत निधनवार्ता पाठवली! बाकीच्यांनी फोन करून खात्री केली, एका पेपरनं सरळ छापली. सकाळी पटके बांधून पाहुणे दारात, कुणाच्या हातात हार, अन् मामा ओसरीत बशीनं चहा पीत बसलेले. बाया रडतच आत शिरल्या अन् त्यांना बघून किंचाळल्या. मामा पोट धरून हसले. खोटी वार्ता उठली की आयुष्य वाढतं म्हणाले, अन् पेपर मागून घेतला.

आपलं कौतुक चवीनं वाचलं. शेवटच्या ओळीला आले, ती बोट लावून परत वाचली. मग विचारलं, माझी पोरगी कुठं टाकली? दादा म्हणाला, तुम्हीच बोलला होता. मामा म्हणाले, बोललो असंल. बापाचं रागातलं बोलणं छापायचं असतं व्हय? सगळ्या गर्दीत ढसाढसा रडले, ताई. मला जवळ बोलावून म्हणाले, तिला लिही, ये म्हणावं. कानानं कमी ऐकतात, म्हणून फोन नको म्हणाले.

दादानं काम काढून घेतलं, महिनाअखेर खोली सोड म्हणाला. डॉक्टरीणबाईही काम घेऊन दुसरीकडं गेल्या. जित्या माणसाला मारणारी म्हणून शहागंजात माझं नाव झालंय. रोज एकेका गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन माफी मागते. ते राहू दे. तू निघ.

वाट बघायला लावू नकोस, एवढाच लोभ दाखव.
तुझी मंजुषा


चंद्रपूर
२३ जानेवारी

चि. मंजुषास आशीर्वाद.

तुझं पत्र दहादा वाचलं. पिशवी भरली, अन् पुन्हा रिकामी केली.

रागावू नकोस, पण मला भरवसा वाटेना. तुझा धंदाच माणसं जोडायचा. रुसलेल्याला हसवायला पोरीचा फोटो खाली सरकवतेस, तसं आबांचं एखादं अर्धं वाक्य माझ्यासाठी पुरं केलं नसशील कशावरून? माझ्यावरच्या मायेनंच करशील, ते मला कळतं. म्हणूनच भीती वाटते.

त्यांच्या हातची एक ओळ पाठव. मोबाइलवर फोटो नको, कागद पाठव. त्यावर हात फिरवता आला पाहिजे. ती आली की मिळेल त्या गाडीनं निघते. इतकी वर्षं गेली, अजून चार दिवसांनी काय होतंय.

तुझी खोली गेली हे वाचून वाईट वाटलं. माझ्यापायी तुझं नुकसान झालं.

हट्टी बहिणीवर माया असू दे.
ताई


शहागंज
२९ जानेवारी

ति. ताईस,
मंजुषाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी लई राग आला. मग वाटलं, जिनं तुझं नाव गाळून लिहिलं, तिच्यावर तू का भरवसा ठेवावा?

मामांना सांगितलं तर खूश झाले. म्हणाले, बापाचीच पोर हाय, माल हातात घेतल्याशिवाय पैसे सुटायचे नाय. हात लई थरथरतो. मी सांगितलं, तुम्ही बोला, मी लिहिते. तर म्हणाले, तुझं लिहिणं बघितलं मी! दोन कागद फाडले, तिसऱ्यावर लिहिलं. मला वाचू दिलं नाय. घडी घालून, थुंकी लावून पाकीट स्वतःच चिकटवलं. ते यासोबत आहे.

अन् त्या पेपरच्या कात्रणावर शेवटच्या ओळीत पेनानं तुमची नावं घातली, अन् दादाच्या खिशात कोंबलं. खरी वेळ येईल तेव्हा असं छाप म्हणाले. दादा खाली मान घालून उभा होता. दम लागतोय त्यांना परत. निघ गं बाई आता.

तुझी मंजुषा


चंद्रपूर
१६ फेब्रुवारी

चि. मंजुषास अनेक आशीर्वाद.

काल सुखरूप पोचले. तेरा दिवस तू माझ्या पाठीला पाठ लावून बसलीस, ते कधी फिटायचं नाही.

एकतीसला तुझा फोन आला अन् मी तशीच निघाले. एक तारखेला पडेगावला पोचले तर माणसं स्मशानातून परतत होती. दादानं पेपर हातात दिला. पत्नी सखूबाई, मुलगा भारत, मुलगी सुकेशनी, जावई, नात सृष्टी. सगळी होती त्यात. फक्त बघणारा नव्हता.

तुझं पाकीट मी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी इथं आलं. तुझ्या दाजींनी न फोडता देवापाशी ठेवलं होतं, फोनवर सांगायचा त्यांना धीर झाला नाही. काल फोडलं. आत अर्धी लवंग होती. अन् वेडीवाकडी ओळ : सुके, ये. मी थांबलोय.

मंजे, ते थांबले होते गं. अन् मी सही-शिक्का मागत बसले. तू खरं लिहिलं होतंस.

आई दादाला बोलली आहे, खोली तुझीच राहील. तो स्वतः येईल, त्याला चहा पाज. धंदा सोडू नकोस. आबांनी शिकवलेलं कुणीतरी करत राहिलं पाहिजे.

एक काम आहे. सृष्टी आता अक्षर लावून वाचते. तिनं माझ्या मांडीवरून ती चिठ्ठी वाचली अन् चपला घालून दारात उभी राहिली. आबा थांबलेत तर चल म्हणते. आबा आजारी आहेत एवढंच तिला ठाऊक आहे. तिला काय सांगायचं, ते तू लिहून पाठव. माझ्याच्यानं होत नाही.

जशी आजवर जवळ राहिलीस, तशीच राहा.
तुझी ताई